स्टेलारियम : महिन्याचं आकाश आखायला किती भरवशाचं?

महिना उजाडायच्या आधीच ‘या महिन्यात आकाशात काय पाहाल’ अशा याद्या सगळीकडे दिसू लागतात. अमुक तारखेला चंद्र आणि गुरूची युती, तमुक रात्री उल्कावर्षाव, पहाटे बुध. तारखा बहुधा बरोबर असतात, पण यादी सगळ्या जगासाठी एकच असते. तुमच्या छतावरून त्या वेळी चंद्र उगवलेला असेल का, बुध समोरच्या इमारतीआड जाईल का, शंभर उल्कांपैकी तुमच्या वाट्याला किती येतील, हे त्या यादीत नसतं. ते काढायचं तर हाताशी तारांगणाचं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यातलं सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं म्हणजे स्टेलारियम.

फाबियन शेरो या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली हा प्रकल्प सुरू केला. तो मुक्त स्रोत आहे, विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मूळ पॅकेजबरोबर ६ लाखांहून जास्त तारे मिळतात. नुसत्या डोळ्यांनी किंवा द्विनेत्रीनं (दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या दुर्बिणीनं) पाहणाऱ्याला एवढे पुरून उरतात, त्यामुळे वरच्या मोठ्या तारायाद्या उतरवून घेण्यात जागा घालवू नका. ग्रहांच्या स्थानांसाठी जेपीएलच्या (नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या) फायली वेगळ्या जोडता येतात, पण त्यांचीही महिन्याच्या निरीक्षणाला गरज नाही. आतली गणितं मुळातच पुरेशी अचूक आहेत.

इथे परीक्षण डेस्कटॉप आवृत्तीचं आणि एकाच कामासाठी आहे: येणाऱ्या महिन्याची स्वतःच्या जागेपुरती खरी यादी तयार करणं. निकाल आधीच सांगतो. सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे कुठे आणि केव्हा असतील याबाबतीत स्टेलारियमवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. एखादी वस्तू दिसेल का, याचं उत्तर मात्र ते तुम्ही भरलेल्या माहितीइतकंच चांगलं देतं, आणि बहुतेक जण ती माहिती भरतच नाहीत. नमुना म्हणून ऑगस्ट २०२६ घेऊ. १२ तारखेला खग्रास सूर्यग्रहण, त्याच रात्री ययाती (पर्सियस) तारकासमूहातल्या उल्कावर्षावाचा जोर, २८ तारखेला खंडग्रास चंद्रग्रहण आणि महिन्याच्या सुरुवातीला पहाटे बुध. सॉफ्टवेअरचा कस लागायला एवढा महिना पुरे.

जागा आणि वेळ

पहिलं काम एफ६ दाबून जागा भरण्याचं. इंटरनेटवरून जागा आपोआप ओळखण्याची सोय तिथे आहे, पण ती बरेचदा तुमच्या नेट पुरवणाऱ्याचं शहर दाखवते. ग्रह-ताऱ्यांसाठी तेवढा फरक चालतो, चंद्रासाठी चालत नाही. चंद्र जवळ असल्यामुळे जागा १०० किलोमीटरनं चुकली तर तो ताऱ्यांच्या तुलनेत जास्तीत जास्त १ कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) आसपास सरकतो. साध्या युतीत ते लक्षातही येणार नाही. पण चंद्र एखाद्या ताऱ्याला झाकतो त्या पिधानाची वेळ मिनिटाच्या घरात बदलते, आणि चंद्राची कड ताऱ्याला निसटती लागून जाणार असेल तर पिधान होईल की नाही हेच बदलू शकतं. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे पहिल्या प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा फिका) चारच तारे चंद्राच्या वाटेत येतात. त्यांच्यासाठी अक्षांश-रेखांश नकाशावरून काढून हातानं भरा, आणि तीच जागा कायमची ठरवण्याच्या पर्यायावर खूण करायला विसरू नका.

त्याच खिडकीत कालविभाग असतो. तो हातानं एकदा बदलून ठेवला असेल आणि नंतर जागा बदलली, तर जुना कालविभाग तसाच राहून सगळ्या वेळा काही तासांनी चुकतात. चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे आजचा सूर्यास्त. तो पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकला तर काहीतरी बिघडलं आहे. तारखेचा घोळही इथेच होतो. २८ ऑगस्टच्या चंद्रग्रहणाचा मध्य वैश्विक वेळेनुसार (यूटीसी) ४ वाजून १३ मिनिटांनी आहे. पश्चिमेकडच्या काही कालविभागांत तेव्हा घड्याळात २७ तारखेची रात्र चालू असेल. यादीतली तारीख घेऊन दुसऱ्या रात्री उभं राहणाऱ्याला नेहमीसारखा पूर्ण चंद्रच दिसेल.

आणखी दोन गोष्टी. ‘ए’ दाबलं की वातावरण नाहीसं होतं आणि आकाश छान काळं दिसतं, म्हणून अनेक जण ते बंदच ठेवतात. पण वातावरणाबरोबर प्रकाशाचं वक्रीभवनही (हवेतून येताना वाकणंही) बंद होतं. क्षितिजापाशी वक्रीभवन सुमारे ३४ कलांचं असतं, म्हणजे उदय-अस्ताच्या वेळा विषुववृत्तावरही दोन मिनिटांहून जास्त सरकतात आणि वरच्या अक्षांशांवर त्याहून अधिक. वेळा काढताना वातावरण चालूच हवं. दुसरं, एफ४च्या खिडकीत चंद्र मोठा करून दाखवण्याचा पर्याय असतो. चित्र देखणं होतं, पण अंशभर दूर असलेला ग्रह चंद्राला टेकलेला दिसतो. युती तपासताना तो बंद करा.

एफ१०

महिन्याच्या आखणीचा सगळा जीव या एका कळीत आहे. इथे खगोलगणिताची खिडकी उघडते. तिच्यातला ‘फिनॉमेना’ हा टॅब युती, प्रतियुती (दोन वस्तू आकाशात समोरासमोर येणं), पिधानं अशी यादी काढून देतो. एक वस्तू निवडायची, समोर ज्यांच्याशी तिची गाठ तपासायची तो गट निवडायचा, महिन्याची पहिली आणि शेवटची तारीख भरायची, आणि जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते सांगायचं. ग्रह-ग्रह युतीसाठी २ अंश पुरे. चंद्रासाठी ही मर्यादा ५ किंवा ६ अंशांपर्यंत वाढवावीच लागते, नाहीतर चंद्र-शुक्रासारखी डोळ्यांना सुखावणारी जोडी यादीत येतच नाही. प्रतियुतीसाठी वेगळी खूण करावी लागते. महिन्याभराची यादी चटकन निघते, पण चंद्र धरून दहा वर्षं मागितलीत तर बराच वेळ थांबायची तयारी ठेवा.

यादी हाती आली की खरं काम सुरू होतं. तिच्यातली वेळ म्हणजे दोन वस्तूंमधलं अंतर सर्वांत कमी होण्याचा क्षण. पंचांगं आणि दैनंदिन्या युती मोजतात ती बहुधा भोगांश किंवा विषुवांश (आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान मोजायच्या दोन पद्धती) सारखे होण्याच्या क्षणानं. तीन व्याख्यांच्या तीन वेळा निघतात, आणि संथ चालीच्या ग्रहांत हा फरक दिवसाच्या घरात जातो. कुणाचंही गणित चुकलेलं नसतं. पाहणाऱ्याला किमान अंतराचीच वेळ उपयोगाची, त्यामुळे इथे स्टेलारियमची निवड योग्य आहे.

पण तो क्षण भर दुपारी असू शकतो, किंवा वस्तू क्षितिजाखाली असताना. अलीकडच्या आवृत्त्यांत त्या क्षणीची उंची यादीतच दिसते, तो आकडा आधी बघा. ओळीवर दोनदा क्लिक केलं की आकाश त्या क्षणावर जाऊन थांबतं. तिथून कंट्रोल धरून बरोबरच्या चिन्हाची कळ दाबली की एक तास पुढे, वजाची दाबली की एक तास मागे. असं करत वस्तू वर आणि आकाश काळोखं, अशी सर्वांत जवळची वेळ गाठायची. तासाभरात चंद्र ताऱ्यांमधून साधारण स्वतःच्या व्यासाइतका, म्हणजे अर्धा अंश सरकतो. किमान अंतर १ अंश असेल पण तो क्षण तुमच्या संध्याकाळच्या दहा तास आधी येऊन गेला असेल, तर संध्याकाळी दोघांत सुमारे ५ अंश पडलेले असतील. यादीत ‘१ अंश’ वाचून कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स लावणाऱ्यांचा हिरमोड होतो तो यामुळेच. उलट ग्रह-ग्रह युती दयाळू असतात. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू-शनी सुमारे ६ कलांवर आले, तेव्हा आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही ते दृश्य जवळपास तितकंच देखणं होतं.

ग्रहणांचा टॅब वेगळा आहे आणि तो मनापासून आवडला. सूर्यग्रहणांच्या तो दोन वेगळ्या याद्या देतो: जगातली सगळी आणि फक्त तुमच्या जागेवरून दिसणारी. छायाकल्प चंद्रग्रहणंही (चंद्र पृथ्वीच्या फक्त फिक्या उपछायेतून जातो ती) यादीत येतात, पण चंद्राचा निम्म्याहून बराच मोठा भाग उपछायेत गेल्याशिवाय डोळ्यांना काही कळत नाही. ०.६ च्या खालचं (हा आकडा म्हणजे चंद्राच्या व्यासाचा छायेत गेलेला भाग) छायाकल्प यादीतून काढून टाकायला हरकत नाही. २८ ऑगस्टचं ग्रहण मात्र गडद छायेतलं आणि ०.९३ चं आहे, म्हणजे वर्षातल्या पाहण्याजोग्या घटनांत ते वरच्या रांगेत बसतं.

उरलेल्यांपैकी आलेखांचा टॅब जरूर वापरा. एखाद्या ग्रहाची उंची रात्रभर कशी बदलते ते तो दाखवतो, आणि त्याच आलेखावर सूर्य-चंद्राच्या रेषाही चढवता येतात. ग्रह २० अंशांच्या वर, सूर्य उणे १२ अंशांच्या (क्षितिजाखाली १२ अंशांच्या) खाली आणि चंद्र मावळलेला, एवढा पट्टा एका नजरेत सापडतो. ‘आज रात्री काय’ सांगणारा टॅब मात्र जपून वापरा. तो वस्तू प्रतीवरून गाळतो, आणि दीर्घिकेची प्रत म्हणजे तिचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केल्यास येणारा आकडा. एम३३ या दीर्घिकेची प्रत ५.७ असल्यामुळे ती सोप्या वस्तूंत येऊन बसते. प्रत्यक्षात तो प्रकाश पूर्ण चंद्रापेक्षा मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असतो, आणि शहराच्या कडेला चांगल्या द्विनेत्रीतूनही ती हाती लागत नाही.

क्षितिज : सगळ्यांत दुर्लक्षित भाग

स्टेलारियम सुरू केल्यावर दिसणारं हिरवं माळरान तुमचं नाही. त्यावर सपाट क्षितिज आहे, आणि बुध, कोवळी चंद्रकोर, धूमकेतू अशा वस्तू नेमक्या त्या शेवटच्या दहा अंशांतच असतात. बुधाचं उदाहरण बघा. ३ एप्रिल २०२६ रोजी तो सूर्यापासून जवळजवळ २८ अंश पश्चिमेला होता, तर २ ऑगस्टला फक्त साडेएकोणीस. नुसते आकडे पाहिले तर एप्रिल सरस वाटतो. उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवरून मात्र ऑगस्टची पहाट कितीतरी चांगली, कारण एप्रिलच्या पहाटे क्रांतिवृत्त (सूर्य आणि ग्रह ज्या पट्ट्यातून फिरताना दिसतात ती रेषा) क्षितिजाशी आडवं पडलेलं असतं आणि ऑगस्टमध्ये ते उभं राहू लागतं. दक्षिण गोलार्धात याच्या बरोबर उलट. स्वल्पविरामाची कळ दाबून क्रांतिवृत्ताची रेषा चालू करा आणि सूर्य उणे ६ अंशांवर ठेवून दोन्ही तारखा पाहा. कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा हे चित्र लवकर पटतं.

१२ ऑगस्टच्या सूर्यग्रहणातही सगळा प्रश्न क्षितिजाचाच आहे. खग्रास पट्टा ग्रीनलंड, आइसलँड आणि स्पेनवरून जातो. बेलिआरिक बेटांवर खग्रास अवस्थेत सूर्य क्षितिजापासून जेमतेम दोन-तीन अंशांवर असेल. एवढ्या उंचीला एखादी टेकडी किंवा समुद्रावरची ढगांची पट्टीसुद्धा ग्रहण गिळून टाकते. (खग्रास अवस्थेचा काळ सोडून आयएसओ १२३१२-२ मानकाचा चष्मा डोळ्यांवर हवाच.)

म्हणून स्वतःचं क्षितिज बनवा, त्याला एक संध्याकाळ लागते. निरीक्षणाच्या जागी उभं राहून दर १० अंश दिगंशाला (उत्तरेपासून क्षितिजावर मोजलेल्या कोनाला) समोरच्या छताची, झाडाची किंवा डोंगराची उंची अंशांत मोजायची. फोनमधलं कोनमापक चालतं, आणि हात सरळ पुढे करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. इमारतीच्या दोन्ही कडांना जादा बिंदू घ्या, नाहीतर उभ्या भिंतीऐवजी उतार तयार होतो. साध्या मजकूर फायलीत प्रत्येक ओळीवर आधी दिगंश, मग उंची, मध्ये मोकळी जागा. उत्तर ०, पूर्व ९०. सोबत वर्णनाची एक छोटी फाइल लागते, तिच्यात क्षितिजाचा प्रकार ‘पॉलिगोनल’, आकड्यांच्या फायलीचं नाव आणि फिरवण्याचा कोन शून्य असं लिहायचं. दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवून झिप करायच्या आणि एफ४च्या भूदृश्यांच्या टॅबमधून बसवायच्या.

हे फसतं ते बहुतेक वेळा होकायंत्रामुळे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत काही ठिकाणी १० अंशांहून जास्त फरक असतो, आणि गच्चीवरच्या लोखंडी कठड्यापाशी सुई भलतीकडेच वळते. पडताळा सूर्यावरून घ्या. समोरच्या इमारतीची सावली तुमच्या जागेवर येण्याची वेळ टिपा (सूर्याकडे बघू नका, सावलीकडे बघा) आणि त्याच वेळी पडद्यावर सूर्य तुमच्या क्षितिजाआड जातो का ते तपासा. फरक आला तर फिरवण्याचा कोन तेवढा बदला. एवढं झालं की यादीतल्या निम्म्या ‘बुध दिसेल’ नोंदी आपोआप गळतात. ज्या उरतात त्या खात्रीच्या.

प्रकाशप्रदूषणाची सरकपट्टी त्याच एफ४च्या खिडकीत आहे. आकाश किती काळं आहे ते सांगणाऱ्या बोर्टलच्या १ ते ९ पायऱ्यांची कल्पना असेल तर ती बसवणं सोपं जातं. नसेल तर चंद्र नसलेल्या रात्री सप्तर्षी किंवा शर्मिष्ठेत किती तारे दिसतात ते मोजा आणि पडद्यावर तेवढेच उरेपर्यंत पट्टी सरकवा. वातावरणाच्या बारीक मांडणीत प्रकाशशोषणाचा गुणांकही बदलता येतो. ५ अंश उंचीवरचा तारा डोक्यावरच्या ताऱ्याच्या सुमारे १० पट हवेतून येतो. डोक्यावरच्या एका थरामागे ०.२५ प्रत धरली तरी तो दोन प्रतींहून जास्त फिका होतो. धूळ किंवा दमटपणा असेल तर गुणांक ०.३ च्या पुढे न्या. अगस्त्यासारखा तेजस्वी तारा उत्तरेकडच्या ठिकाणांहून, दक्षिण क्षितिजालगत असताना, मिणमिणता का दिसतो, हे लगेच उलगडतं.

उल्का, धूमकेतू, उपग्रह

उल्कावर्षावाचं प्लगइन उल्कांचा उद्गमबिंदू (आकाशातल्या ज्या जागेतून त्या निघाल्यासारख्या वाटतात ती) आणि सक्रिय तारखा नीट दाखवतं. सोबतचा ताशी आकडा मात्र आदर्श परिस्थितीतला असतो: उद्गमबिंदू बरोबर डोक्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसणारं आकाश. तुमचा आकडा काढण्यासाठी त्याला उद्गमबिंदूच्या उंचीच्या साइननं गुणायचं, आणि साडेसहातून तुमची शेवटची दिसणारी प्रत वजा करून येणाऱ्या घातांकाला चढवलेल्या गुणोत्तरानं भागायचं. गुणोत्तर म्हणजे एका प्रतीनं फिक्या उल्का किती पटींनी जास्त असतात तो आकडा; ययातीच्या उल्कांसाठी तो साधारण २.२. आदर्श १००, उद्गमबिंदू ३० अंशांवर आणि आकाश ५ व्या प्रतीचं असेल, तर ५० भागिले ३.२६, म्हणजे ताशी १५. शहरातल्या ४ थ्या प्रतीच्या आकाशाखाली ७. तेच उद्गमबिंदू ६० अंशांवर आणि खरोखर काळं आकाश मिळालं तर ८७. हे गणित स्टेलारियमनं स्वतः करून तुमच्या जागेचा आकडा ठळक दाखवायला हवा होता. पडद्यावर धावणाऱ्या रेघांवरून अंदाज बांधू नका. ऑगस्ट २०२६ मध्ये अमावस्या १२ तारखेलाच असल्यानं चंद्राचा त्रास अजिबात नाही. उद्गमबिंदू जसजसा वर चढेल तसतसा आकडा वाढतो, म्हणून मध्यरात्रीनंतरचे तास राखून ठेवा.

धूमकेतूंचे कक्षाघटक (कक्षा ठरवणारे आकडे) जुने झाले की स्थान चुकतं. ‘सोलर सिस्टिम एडिटर’ या प्लगइनमधून ते मायनर प्लॅनेट सेंटरच्या यादीवरून ताजे करून घ्या, महिन्यातून एकदा पुरे. स्थान बरोबर येईल, तेजाची हमी कुणीच देऊ शकत नाही. तेज एका साध्या सूत्रानं काढलेलं असतं आणि धूमकेतू ते पाळत नाहीत. आयसॉन २०१३ मध्ये सूर्याजवळून जाताना विखुरला, आणि सी/२०२४ एस१ सुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये तसाच संपला. पडद्यावर शेपटीसह दिसणारा धूमकेतू पाहून बेत आखण्याआधी ताजी निरीक्षणं वाचा.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या फेऱ्या महिन्याच्या यादीत घालूच नका. स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवर विरळ हवेच्या घर्षणात फिरतं आणि त्याची कक्षा अधूनमधून उचलली जाते, त्यामुळे जुन्या माहितीवरची वेळ झपाट्यानं बिघडते. उपग्रहांचं प्लगइन ताजं करून पुढच्या दोन-तीन दिवसांपुरत्या वेळा घ्या, त्या चांगल्या जुळतात.

द्विनेत्री वापरणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती: खालच्या पट्टीत दृष्टिक्षेत्र अंशांत दिसतं. चाकानं ते साडेसहावर आणा, म्हणजे पडद्याची उभी उंची साधारण १० × ५० द्विनेत्रीच्या वर्तुळाएवढी होते आणि दोन वस्तू एकत्र मावतील का ते कळतं.

कुणी घ्यावं

सप्तर्षी कुठे आणि ध्रुवतारा कुठे एवढंच ओळखायचं असेल, तर ब्राउझरमधली वेब आवृत्ती किंवा फोनवरची आवृत्ती पुरे. डेस्कटॉपवरच्या खिडक्या, टॅब आणि कळींची गर्दी नवख्याला बुजवते, आणि शिकवणारं त्यात फारसं काही नाही. फोन आकाशाकडे धरून तारा ओळखताना चित्र भलत्या दिशेला सरकलेलं दिसलं, तर चुंबक असलेलं कव्हर काढा आणि फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून होकायंत्र जुळवून घ्या. बाहेर लॅपटॉप नेणार असाल तर कंट्रोल-एननं पडदा लाल होतो, पण मागचा दिवा तरी डोळ्यांवर येतोच. उजेड अगदी किमान ठेवा, कारण अंधाराला सरावलेली नजर परत यायला वीस-तीस मिनिटं जातात.

दर महिन्याला स्वतःच्या जागेची यादी करणाऱ्याला, मंडळासाठी निरीक्षणाचे कार्यक्रम आखणाऱ्याला आणि आकाशाची छायाचित्रं काढणाऱ्याला डेस्कटॉप आवृत्ती निःशंक सुचवतो. जागा, कालविभाग, क्षितिज आणि प्रकाशप्रदूषण एकदा नीट बसवलं की पुढच्या प्रत्येक महिन्याचं काम अर्ध्या तासाचं राहतं: कक्षाघटक ताजे करायचे, एफ१०ची यादी काढायची, उंचीच्या आकड्यावरून गाळायची, आणि उरलेली प्रत्येक नोंद आपल्या क्षितिजावर एकदा डोळ्यांखालून घालायची.